एका बांबूचा माग: बेटापासून गिऱ्हाइकापर्यंतची साखळी कशी अभ्यासावी

बांबू तोडणारा नगावर मोजतो. गोळा करणारा मोळीवर. ट्रकवाला टनावर, कारखान्यातला मुकादम पट्ट्यांच्या किलोवर, निर्यातदार कंटेनरवर, आणि दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक एका खुर्चीवर. माल तोच, पण हात बदलला की माप बदलतं. बांबू आणि वेताच्या पुरवठा साखळीचा अभ्यास करायला निघालेले बहुतेक नवखे या मापांकडे अहवाल लिहायला बसल्यावर वळतात. तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण जिथे माप बदलतं तिथेच माल गळतो, पैसा मुरतो आणि माहिती हरवते. म्हणून या लेखात मी त्या सांध्यांवर जास्त रेंगाळणार आहे आणि बाकीच्या गोष्टी भराभर सांगणार आहे.

पहिली पायरी: एकच वाट धरा

"बांबूची पुरवठा साखळी" असा विषय घेतलात तर वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही. बांबूच्या सोळाशेहून जास्त जाती आहेत, वेताच्या सुमारे सहाशे. एकाच बांबूचा कोंब खाण्यासाठी जातो, सरळ काठी बांधकामाला, चिरलेल्या पट्ट्या फरशीला, भुसा कोळशाला, लगदा कागदाला आणि रसायनात विरघळवलेला लगदा कापडाला. या सहा वेगळ्या साखळ्या आहेत. त्यांतली माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत.

म्हणून प्रश्न एका वाक्यात बसवा: कुठली जात, कुठली वस्तू, कुठून कुठपर्यंत. "मोसो बांबूपासून बनणारी फरशी, तोडणीपासून निर्यातीच्या बंदरापर्यंत" हा प्रश्न झाला (मोसो ही चीनमध्ये लावतात ती बांबूची एक जात). "मोठ्या जाडीचा वेत, जंगलापासून खुर्चीपर्यंत" हाही झाला. त्या वाटेला फुटणाऱ्या फांद्या दिसतीलच. त्या नोंदवून ठेवा, पण त्यांच्या मागे धावू नका.

दुसरी पायरी: आधी झाड समजून घ्या

ही पायरी सामाजिक शास्त्राकडून आलेले लोक हमखास गाळतात आणि मग तोडणाऱ्याशी बोलताना उघडे पडतात.

बांबू हे गवत आहे. कोंब जमिनीतून वर येतो तो आपली पूर्ण जाडी घेऊनच, आणि दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो ना उंच होतो ना जाड होतो, फक्त आतून घट्ट होत जातो. कामाचा बांबू म्हणजे साधारण तीन ते पाच वर्षांचा. त्याआधी तोडला तर सुकताना आक्रसतो, सुरकुततो. फार जुना झाला तर ठिसूळ होतो. तेव्हा "बांबू झपाट्याने वाढतो" हे जाहिरातीतलं वाक्य खरं असलं तरी अर्धं आहे. उंची झपाट्याने येते, ताकद यायला वर्षं लागतात. आणि उभ्या बांबूचं वय जाडीवरून कळत नाही.

मग कळतं कशावरून? हे एकदा तरी स्वतः बेटात उभं राहून शिका. पहिल्या वर्षीच्या काठीला पेरांवर कोंबाची तपकिरी आवरणं अजून चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते, बोटाने पुसली की निघते. दुसऱ्या वर्षी आवरणं गळतात, रंग गडद आणि तुकतुकीत दिसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुकतुकी जाते, राखाडी-पांढरे दगडफुलाचे ठिपके धरतात. जाणता तोडणारा कोयत्याच्या पाठीने ठोका मारतो. कोवळा बांबू भद्द बोलतो, पिकलेला टणटणतो. चीनमध्ये मोसो लावणारे शेतकरी ही अटकळ नशिबावर सोडत नाहीत. नव्या काठीवर त्या वर्षाचा आकडा आणि मालकाचं नाव शाईने लिहून ठेवतात. अशी खूण दिसली तर तुमचं अर्धं काम झालं, कारण त्या मालाचं वय आणि मालक दोन्ही काठीवरच लिहिलेले आहेत.

पुढची गोष्ट म्हणजे बेट की रान. काही जाती घट्ट बेटं करतात, काहींचं खोड जमिनीखालून लांब धावतं आणि काठ्या सुट्या सुट्या उगवतात. मोसो धावणारा आहे. बेटात मधल्या जुन्या काठ्या तोडणं कष्टाचं, म्हणून घाईत असलेला मजूर कडेच्या कोवळ्या तोडतो. साखळीच्या पुढच्या टोकाला "मालाची प्रत घसरली" अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. मजुरी नगावर असेल तर घाई होणारच. तोडलेल्या बुडख्याकडेही पाहा. जमिनीलगतच्या गाठीच्या लगेच वर काप असेल तर तोडणारा जाणता. वर लांब वाटी सोडली असेल तर तिच्यात पाणी साचतं आणि खालचं खोड कुजतं.

तोडणीचा हंगामही विचारा. वाढीच्या दिवसांत तोडणी केली की नवे कोंब तुडवले जातात. शिवाय काठीत साखर आणि पिष्ट जास्त असलं की भुंगा लवकर लागतो. घरात ठेवलेल्या टोपलीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसते ती त्याचीच. ते टाळायला माल पाण्यात मुरवतात, धुरी देतात किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवतात. हे काम कोण करतं आणि त्याचा खर्च कोण सोसतं, हा साखळीतला कळीचा प्रश्न आहे. तोडणाऱ्याने प्रक्रिया केली तरी त्याला जास्त भाव मिळतोच असं नाही. कारण प्रक्रिया केलेला आणि न केलेला बांबू पहिले काही आठवडे सारखाच दिसतो.

वेताचं सगळं वेगळं. वेत ही ताडाच्या कुळातली काटेरी वेल आहे. तिला चढायला झाड लागतं, म्हणजे जंगल तुटलं की वेतही गेला. पोकळ बांबू आणि भरीव वेत हा फरक आडव्या कापावरून लगेच दिसतो. तोडणारा बुंध्याशी काप घेतो, मग वेल खाली ओढतो. पानांच्या टोकाला किंवा आवरणावर उलटे आकडे असलेले लांब चाबूक असतात, ते फांद्यांत अडकून बसतात. ओढता ओढता काटेरी आवरण निखळतं. जे निखळत नाही, ते वरच राहतं आणि कुजतं. जंगलातच सोडलेला हा माल कुठल्याही आकडेवारीत येत नाही.

वेतात एक भेद तर सुरुवातीलाच विचारून घ्या: वेल एकखोडी आहे की बेट करणारी? मलय द्वीपकल्प, सुमात्रा आणि बोर्निओतला 'मानाउ' हा जाड वेत एकखोडी असतो. एकदा तोडला की संपला. त्याच भागातला बारीक 'सेगा' बेट करतो, पुन्हा फुटतो, आणि म्हणून बोर्निओत त्याच्या बागा पिढ्यान्‌पिढ्या राखल्या गेल्या आहेत. "वेत टिकाऊ पद्धतीने काढलेला आहे का?" या प्रश्नाला जात माहीत असल्याशिवाय उत्तर नाही.

तिसरी पायरी: मधूनच सुरुवात करा

पाठ्यपुस्तकी सल्ला असतो की जंगलातून निघा आणि दुकानापर्यंत जा. मला तो पटत नाही. जंगलातून निघालात तर शंभर पायवाटा आहेत. दुकानातून निघालात तर पहिल्याच पावलाला लेबल आडवं येतं आणि पुढे कोणी बोलत नाही. मधला गोदामवाला किंवा पहिली प्रक्रिया करणारा लहान कारखानदार दोन्हीकडची माणसं ओळखतो. त्याच्या आवारात दोन-तीन दिवस नुसते बसा. कुठल्या गाड्या येतात, माल कोण उतरवतं, कुठला माल परत जातो, भाव तोंडी ठरतो की वहीत, हे बघून तुमचं पहिलं कच्चं चित्र तयार होईल.

तिथून आधी मागे जा, तोडणीकडे. तोडणी हंगामी असते आणि तो हंगाम चुकला की वर्षभर थांबावं लागतं. पुढची टोकं, म्हणजे कारखाने, बंदर, दुकान, बारा महिने तिथेच असतात. वेताच्या बाबतीत मागे जाणं तातडीचंही असतं. तोडलेला ओला वेत काही दिवसांत हाताळला नाही तर बुरशीने निळसर डाग पडतात आणि मालाची प्रत खाली येते. जाड वेत तेलात उकळतात (बहुतेक ठिकाणी डिझेल किंवा केरोसीन मिसळलेल्या तेलात), त्यातून पाणी आणि मेण निघून जातं. बारीक वेताला गंधकाची धुरी देतात. या भट्ट्या जंगलापासून किती लांब आहेत, यावर अख्खी साखळी कशी वळते ते ठरतं. भट्टी लांब असेल तर तोडणाऱ्याला घासाघीस करायला वेळच नसतो. माल डोळ्यांदेखत खराब होत असतो आणि समोरच्याला ते माहीत असतं.

चौथी पायरी: प्रत्येक सांध्यावर माप पकडा

आता मूळ मुद्दा. एकदा मी आठवडाभर वहीत "मोळी" हा शब्द इमानाने लिहीत गेलो. इतक्या मोळ्या तोडल्या, इतक्या विकल्या. घरी येऊन बेरीज केली तर गोदामात माल शिरताना कमी आणि निघताना आणखी कमी दिसत होता. मला वाटलं चोरी सापडली. चोरी-बिरी काही नव्हती. तोडणारे वीस काठ्यांची मोळी बांधत होते, गोदामात ती सोडून पंचवीसची बांधली जात होती, आणि जाडजूड काठ्या असल्या की मोळी सोळाचीही होत होती. हे कोणी लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं इतकंच. तेव्हापासून नवीन शब्द ऐकला की आधी मोजून घेतो: नग किती, लांबी किती, ओला की सुका, आणि वजन कुणाच्या काट्यावर.

ओला की सुका हा प्रश्न तर अजिबात सोडू नका. ओल्या बांबूत, विशेषतः बुडख्याकडे, कोरड्या काष्ठाइतकं किंवा त्याहून जास्त वजन नुसत्या पाण्याचं असू शकतं. शेंड्याकडे ते कमी होत जातं. खाली एक काल्पनिक हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेत, पद्धत मात्र खरी आहे.

समजा १०० काठ्या तोडल्या, प्रत्येकी ओलं वजन २० किलो. एकूण २,००० किलो. यात निम्मं पाणी धरू, म्हणजे कोरडं काष्ठ १,००० किलो. कोरड्या वजनाच्या १२ टक्के ओलावा राहीपर्यंत माल सुकवला तर वजन १,१२० किलो. म्हणजे ८८० किलो वाटेत नाहीसं झालं आणि कोणाच्याही खिशात गेलं नाही. आता भाजी चिरायच्या फळीला पट्ट्या हव्यात, त्या फक्त बुडख्याकडच्या जाड भागातून निघतात. समजा ४० टक्के माल त्या कामाला लागला: ४४८ किलो. पट्ट्या रंधून चौरस करताना निम्मा भुसा होतो. उरले २२४ किलो. एक फळी २ किलोची, तर ११२ फळ्या. थोडक्यात एका फळीला ०.९ काठी लागली.

आता हे पैशाला लावा. तोडणाऱ्याला एका काठीमागे ५ एकक मिळाले आणि फळी दुकानात १०० एककांना विकली गेली असं धरू. नवखा माणूस लिहितो: "तोडणाऱ्याचा वाटा ५ टक्के." चूक. एका फळीला ०.९ काठी, म्हणजे सुमारे ४.५ टक्के. पण तेही पुरतं बरोबर नाही, कारण काठीचा उरलेला ६० टक्के भाग फेकला जात नाही. मधल्या भागाच्या चटया होतात, वरच्याच्या काड्या, भुशाचा कोळसा. वजनाप्रमाणे वाटणी केली तर या फळीपुरता तोडणाऱ्याचा वाटा १.८ वर येतो. आणि भावाप्रमाणे वाटणी केली तर आणखी वेगळा, कारण बुडखा महाग आणि शेंडा स्वस्त. तिन्ही उत्तरं छापायला हरकत नाही, पण कुठली पद्धत वापरली ते लिहिल्याशिवाय एकही छापू नका.

एवढ्यावर कोणाला चोर ठरवू नका. वाटा कमी म्हणजे पिळवणूक असं आपोआप होत नाही. वाहतूक, नासाडी, भांडवलावरचं व्याज, नाकारलेला माल हे खर्च वजा करून प्रत्येकाच्या हाती काय उरलं ते पाहावं लागतं. मला स्वतःला निव्वळ उत्पन्न दर दिवसाच्या कामामागे मोजणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. तोडणाऱ्याचे किती दिवस गेले, व्यापाऱ्याचे किती, आणि कोणाला किती सुटले.

पाचवी पायरी: माणसांशी बोलणं

"साधारण काय भाव मिळतो?" हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याला साधारणच उत्तर येतं, बहुतेकदा तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं. त्याऐवजी शेवटची खेप विचारा. कधी गेली, किती नग होते, कोणी नेली, किती परत आले, पैसे कधी हातात पडले. एकेका खेपेची अशी चाळीस उत्तरं जमली की सरासरी तुम्हीच काढाल.

पैसे कधी मिळाले याला फार महत्त्व आहे. वेताच्या व्यापारात तर तोडणारे जंगलात जाण्याआधी व्यापाऱ्याकडून उचल घेतात, तांदूळ, मीठ, डिझेल अशा रूपात. परतल्यावर ती भावातून कापली जाते. कागदावर भाव कमी दिसतो, पण त्यात व्याजही आहे आणि कोणी दुसरं द्यायला तयार नव्हतं अशा वेळी मिळालेलं कर्जही. व्यापारी हा नेहमीच खलनायक असतो या समजुतीने गेलात तर तो तुमच्याशी बोलणार नाही आणि तोडणारेही बोलणार नाहीत, कारण पुढच्या हंगामात त्यांना त्याच्याच दारात जायचं असतं.

मुलाखत देणारा कुटुंबप्रमुख असेल तर काम कोण करतं ते वेगळं विचारा. सोलणं, चिरणं, गाठी तासणं, विणणं ही कामं घरात होतात आणि बायका, म्हातारी माणसं करतात. "मी महिन्याला इतक्या टोपल्या करतो" यातला "मी" किती जणांचा आहे?

आणि नावं सांभाळा. कोणी कुठल्या जंगलातून परवान्याशिवाय माल काढला हे वहीत नावासकट लिहिलेलं असेल, तर ती वही तुमच्यापेक्षा त्याला जास्त महागात पडेल. संकेत वापरा आणि यादी वेगळी ठेवा.

सहावी पायरी: कायदा आणि कागद

साखळीचा आकार पुष्कळदा एका व्याख्येने ठरतो. भारताच्या १९२७ च्या वन कायद्यात बांबू "झाड" या व्याख्येत मोडत होता, म्हणून खासगी शेतातला बांबू तोडायला आणि न्यायलाही परवाने लागत. २०१७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलातल्या बांबूचे नियम मात्र वेगळेच राहिले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने तर बांबू आणि वेत दोन्ही गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरले आहेत. म्हणजे एकाच जातीच्या दोन काठ्या, एक बांधावरची आणि एक जंगलातली, यांची कागदी वाट वेगळी. गोदामात मात्र त्या एकाच ढिगात पडलेल्या असतात.

वेताचं ठळक उदाहरण इंडोनेशियाचं. जगातला बहुतांश कच्चा वेत तिथून येतो. १९८० च्या दशकात तिथे कच्च्या वेताच्या निर्यातीवर बंदी आली, १९९८ मध्ये उठली, आणि २०११ च्या अखेरीस पुन्हा नियम निघून २०१२ पासून लागू झाली. हेतू होता जावातल्या चिरेबोनसारख्या भागातल्या फर्निचर कारखान्यांना कच्चा माल पुरावा. पण वेत निघतो कालिमंतान (बोर्निओचा इंडोनेशियातला भाग) आणि सुलावेसीत. तिथल्या तोडणाऱ्यांना गिऱ्हाईक उरलं ते देशातल्या कारखान्यांचंच. अशी बंदी अभ्यासताना कारखान्याचा आणि जंगलाचा हिशेब वेगवेगळा मांडा. एकाचा फायदा दुसऱ्याचा तोटा असू शकतो, आणि राष्ट्रीय सरासरीत दोन्ही दिसेनासे होतात.

सीमेपलीकडचा व्यापार बघायला यूएन कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-नोंदींच्या साठ्यातली आकडेवारी फुकट मिळते. त्यासाठी एचएस कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात प्रत्येक प्रकारच्या मालाला दिलेले आकडे, माहीत हवेत. कच्चा बांबू १४०१.१०, कच्चा वेत १४०१.२०. बांबूच्या टोपल्या आणि विणकाम ४६०२.११, वेताचं ४६०२.१२. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडलेत. बसायच्या फर्निचरमध्ये बांबू आणि वेत या कोडांच्या २०१७ च्या आवृत्तीपर्यंत एकाच कोडखाली होते. तेव्हापासून ९४०१.५२ बांबूला आणि ९४०१.५३ वेताला असे वेगळे झाले, इतर फर्निचरला ९४०३.८२ आणि ९४०३.८३. त्यामुळे "वेताच्या खुर्च्यांची वीस वर्षांची निर्यात" असा आलेख कोणी दाखवला तर आधीच्या वर्षांचे आकडे कुठून आणले ते विचाराच. बांबूच्या लगद्यालाही स्वतःचा कोड आहे, पण त्याचा कागद किंवा कापड झालं की ते इतर कागदात आणि कापडात मिसळून जातं.

निर्यात करणारा देश जेवढं पाठवलं म्हणतो आणि आयात करणारा जेवढं आलं म्हणतो, ते आकडे जुळत नाहीत. थोडा फरक रास्त असतो, कारण आयातीच्या किमतीत भाडं आणि विमा धरलेला असतो. फरक मोठा असेल, किंवा ज्या देशात वेत उगवतच नाही तो देश निर्यातदार दिसत असेल, तर माल मधल्या बंदरातून फिरून आलेला आहे.

जागतिक पातळीवरची माहिती हवी असेल तर १९९७ मध्ये स्थापन झालेली आणि बीजिंगमध्ये मुख्यालय असलेली इनबार ही बांबू आणि वेतासाठीची आंतरसरकारी संस्था पहिला थांबा. आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेतही २०१५ पासून बांबू आणि वेतासाठी स्वतंत्र समिती आहे. तिचे मापन आणि शब्दावलीचे मानक पाहिलेत तर मोळीच्या गोंधळातून थोडी सुटका होईल.

सातवी पायरी: गिऱ्हाइकाच्या टोकाला लेबल सोलून बघा

इथे फसवणूक शब्दांत असते. बाहेर ठेवायचं "रॅटन" फर्निचर बहुतेक वेळा पॉलिथिलीनच्या पट्ट्यांचं असतं. त्यात वेताचा अंशही नसतो. "विकर" हे तर विणण्याच्या पद्धतीचं नाव आहे, वस्तूचं नव्हे. "केन" म्हणजे कोणी वेत समजतं, कोणी वेताची साल, कोणी बागेत टोमॅटोला टेकू द्यायची बांबूची काठी. प्रश्नावलीत हे शब्द नुसते टाकू नका, चित्रं दाखवा.

"बांबूचं कापड" हे बहुतांशी व्हिस्कोस असतं. बांबूचा लगदा तीव्र रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात, आणि शेवटी त्यात बांबूचं म्हणावं असं फारसं काही राहत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ पासून अशा दाव्यांवर कारवाया केल्या. २०२२ मध्ये दोन मोठ्या किरकोळ विक्री साखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर मोजावे लागले. बांबूची भुकटी मिसळलेल्या मेलामाइनच्या कपांचंही तसंच. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशा भांड्यांविरुद्ध मोहीम काढली, कारण ती प्लास्टिकची असून नैसर्गिक म्हणून विकली जात होती आणि त्यात बांबू मिसळायला परवानगीच नव्हती.

एफएससीसारखं (जबाबदारीने राखलेल्या जंगलाच्या मालाला मिळणारं) प्रमाणपत्र दिसलं तर ते जंगलाच्या व्यवस्थापनाचं आहे की हस्तांतराच्या साखळीचं, ते बघा. दुसरं फक्त एवढं सांगतं की प्रमाणित माल वाटेत हिशेबात ठेवला गेला. फळी चिकटवायला कुठला डिंक वापरला हे मात्र उत्पादकालाच विचारावं लागतं, आणि फॉर्माल्डिहाइडचा, म्हणजे डिंकातून सुटणाऱ्या अपायकारक वायूचा, प्रश्न तिथेच असतो.

कॅलेंडरवर न बसणाऱ्या गोष्टी

बांबूच्या अनेक जाती कित्येक दशकांनी एकदाच, एकाच वेळी फुलतात आणि मरतात. ईशान्य भारतातला मेलोकाना बांबू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमाराला तो फुलला, बियांवर उंदीर माजले, उंदरांनी पिकं फस्त केली आणि दुष्काळ पडला. पुढचा फुलोरा २००६ ते २००८ मध्ये आला. तुमच्या साखळीतली जात शेवटची कधी फुलली, ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. एका हंगामाच्या आकडेवारीवरून भविष्य सांगणाऱ्या अहवालांत हा प्रश्न जवळजवळ कधीच नसतो.

शेवटची पायरी: चित्र परत घेऊन जा

सगळं जमलं की साखळीचं चित्र एका मोठ्या कागदावर काढा. चौकोन म्हणजे माणसं, बाण म्हणजे माल, आणि प्रत्येक बाणावर माप, ओलावा, भाव आणि पैसे मिळायला लागलेले दिवस. ज्या बाणावर काही लिहिता येत नाही तो तुटक रेषेने काढा. मग हे चित्र संगणकात नीटनेटकं करण्याआधी त्याच गोदामात परत न्या आणि जमिनीवर पसरा.

मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा व्यापारी मान डोलवत राहिला, तोडणाऱ्यांनी दोन भाव दुरुस्त केले. मग कोपऱ्यात गाठी तासत बसलेल्या एका बाईंनी उठून कागद पाहिला आणि विचारलं, "ट्रकमधून उतरल्यावर माल थेट यंत्रावर गेला होय? आम्ही कुठं आहोत यात?" सात बायका, दिवसाला शेकडो काठ्या, आणि माझ्या चित्रात त्यांचा चौकोनच नव्हता. त्यांचं काम नगावर होतं, नोंद कुठल्याच वहीत नव्हती. त्या दिवशी मी पुन्हा काटा मांडला आणि तासून पडणाऱ्या ढलप्यांचं वजन करायला बसलो.